वीस डॉलरचे पिल्लू

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपासून पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन या देशात एका मालवाहतूक कंपनीत नोकरी करतो. राजधानी फ्रीटाऊनमध्ये त्याचे बिऱ्हाड आहे. दर ईदला फोनवर त्याचे एकच पालुपद असायचे, "आपा, एकदा तरी ये. इथला समुद्र बघशील तर दापोली विसरशील." दापोली काही विसरणे शक्य नव्हते, पण 2024 च्या जानेवारीत शेवटी योग आला.

दोन ठिकाणी विमान बदलून लुंगी विमानतळावर उतरले तेव्हा रात्र झाली होती. विमानतळ खाडीच्या एका बाजूला आणि शहर दुसऱ्या बाजूला. सामानासकट लाँचमध्ये बसायचे आणि अर्ध्या-पाऊण तासात पलीकडे जायचे. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने कितीतरी वेळा गेलेली मी, मला त्यात काहीच नवल वाटले नाही. समोर डोंगरउतारावर दिवे लुकलुकत होते. रत्नागिरीच जणू, पण थोडी मोठी.

पहाटे अजानने जाग आली. या देशात चारपैकी तीन माणसे मुसलमान आहेत, बाकी बहुतेक ख्रिस्ती. एकाच घरात दोन्ही धर्मांची माणसे असणे इथे नवलाचे नाही. रस्त्यावर तीन चाकांची 'केके' धावते, म्हणजे आपली रिक्षाच. लोक क्रिओ भाषेत विचारतात, "हाव दि बॉडी?" म्हणजे तब्येत कशी आहे? उत्तर येते, "आ टेल गॉड टँकी." देवाचे आभार मानतो. आपण 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो, तेच. दोन दिवसांत मीही तसे उत्तर देऊ लागले आणि भाजीवाल्या बाया खूश होऊन मूठभर मिरच्या जास्त टाकू लागल्या.

तिसऱ्या दिवशी भावाला कामासाठी बो या शहराकडे जायचे होते. भावजय, दहा वर्षांचा भाचा आणि मी, सगळेच गाडीत बसलो. सहाराकडून येणाऱ्या हरमट्टन वाऱ्याने हवेत धूळ भरली होती. रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती, पिवळ्या कॅनमधले पामतेल आणि संत्र्यांचे ढीग विकायला ठेवले होते. एका वळणावर गाडी हळू झाली. तिथे भाच्याच्याच वयाचा एक मुलगा उभा होता. त्याच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला, कमरेला बांधलेले, हिरवट-करड्या केसांचे माकडाचे पिल्लू. गाडी पाहताच मुलाने ते उचलून काचेजवळ धरले. पिल्लाने दात विचकले.

"अब्बा, बघा, हसतंय!" भाचा ओरडला. "घेऊ या ना! आपण त्याला घरी नेऊ, दूध पाजू, मोठं झालं की सोडून देऊ."

भावजयीने पर्स उघडलीही. तिचे मन मुळातच हळवे. मलाही वाटले, काय हरकत आहे? एक जीव तर सुटेल. पण गाडी चालवणारे गृहस्थ थांबायला तयार होईनात. वयाने मोठे, डोक्यावर टोपी, बोलणे कमी. ते एवढेच म्हणाले, "मॅडम, नका घेऊ. आज तुम्ही हे घेतलंत, तर हा पोरगा उद्या दुसरं घेऊन इथेच उभा राहील."

गाडी पुढे गेली. भाचा रडला आणि मग दिवसभर कोणाशी बोलला नाही. रात्री झोपताना त्याने मला विचारले, "फुफी, आपण त्याला तिथेच सोडून आलो. हे बरोबर झालं का?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या खोलीतून भावाने ते ऐकले असावे. सकाळी तो म्हणाला, "शनिवारी आपण टाकुगामाला जाऊ. तुमच्या दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर तिथे आहे."

डोंगरावरचा रस्ता

टाकुगामा हे चिंपांझींचे आश्रयस्थान आहे. आपल्याकडे अभयारण्य म्हटले की मोकळे फिरणारे वन्य प्राणी डोळ्यांसमोर येतात. हे तसे नाही. इथले चिंपांझी माणसाच्या कैदेतून सोडवून आणलेले आहेत. कोणी घरात साखळीने बांधलेला, कोणी हॉटेलात गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी ठेवलेला, कोणी विकला जात असताना पकडलेला.

शहरातून वर चढत गेलो की रीजंट नावाचे जुने गाव लागते. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या माणसांसाठी दोनशे वर्षांपूर्वी ते वसवले गेले. फ्रीटाऊन या नावाचा अर्थच मुक्तांचे शहर. गुलामीतून सुटून आलेल्या लोकांनी 1792 मध्ये त्याची वसाहत केली. कैदेतून सुटलेल्या प्राण्यांचा आसराही त्याच डोंगरात असावा, हे मला फार लागून राहिले.

रीजंटजवळ भावाने गाडी थांबवायला सांगितली. समोरच्या डोंगराच्या अंगावर एक मोठा उघडा पट्टा दिसत होता. 14 ऑगस्ट 2017 च्या पहाटे, अनेक दिवसांच्या पावसानंतर, शुगरलोफ डोंगराचा हा भाग खाली आला. मेलेले आणि बेपत्ता झालेले मिळून हजारावर माणसे गेली. झाडे तोडून, उतार खणून घरे बांधत गेल्याने डोंगर सैल झाला होता. माळीण आणि तळिये ही नावे माझ्या ओठांवर आली. कोणीच काही बोलले नाही. आम्ही सर्वांनी मनातल्या मनात दुआ केली आणि पुढे निघालो.

शेवटचा चढ इतका उभा आहे की गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. मग एकदम झाडी दाट झाली, हवा गार झाली आणि वरून कुठूनतरी एक लांबलचक हुंकार ऐकू आला. त्याला दुसऱ्याने साथ दिली, मग दहा जणांनी. भाच्याने माझा हात घट्ट धरला.

ब्रुनोची गोष्ट

आम्हाला आत फिरवणारा तरुण तिथलाच होता. त्याने आधी विचारले, कोणाला सर्दी-खोकला आहे का? चिंपांझी आपल्या इतके जवळचे आहेत की आपली साधी सर्दीही त्यांच्या जिवावर बेतू शकते. मग त्याने सावलीत बसवून गोष्ट सांगितली.

1988 साली बाला अमरसेकरन आणि त्यांच्या पत्नी शर्मिला देशाच्या आतल्या भागात गेले होते. बाला मूळचे श्रीलंकेचे, व्यवसायाने हिशेबनीस. एका गावात त्यांना एक अशक्त, आजारी चिंपांझीचे पिल्लू विकायला ठेवलेले दिसले. त्यांना राहवले नाही. सुमारे वीस डॉलर देऊन त्यांनी ते घेतले. त्याचे नाव ठेवले ब्रुनो. पिल्लू जगले, वाढले, घरातल्या मुलासारखे झाले. मग ओळखीपाळखीतून आणखी पिल्ले येऊ लागली. हिशेबनिसाच्या लक्षात आले की हा हिशेब घरात बसणारा नाही. जेन गुडॉल यांनीही धीर दिला. 1995 मध्ये सरकार आणि युरोपीय संघाच्या मदतीने या राखीव जंगलातल्या सुमारे शंभर एकरांवर टाकुगामा उभे राहिले.

भाचा कान देऊन ऐकत होता. तो एकदम म्हणाला, "म्हणजे त्यांनीही विकतच घेतलं होतं!"

तरुण हसला. म्हणाला, "हो. आणि त्या वीस डॉलरची किंमत ते आजपर्यंत फेडत आहेत. तुझ्याकडे पन्नास वर्षं आहेत का?"

चिंपांझी पन्नास वर्षे, कधी त्याहून जास्त जगतो. पहिली काही वर्षे ते गोंडस बाळ असते, गळ्यात हात टाकते, बाटलीने दूध पिते. चार-पाच वर्षांचे झाले की त्याच्या अंगात माणसाला न आवरणारी ताकद येते. मग ज्यांनी लाडाने पाळले तेच घाबरतात. साखळी येते, पिंजरा येतो. काहींचे दात तोडले जातात.

आणि हे पिल्लू बाजारात येते कसे? चिंपांझीची आई पिल्लाला कधीच सोडत नाही. चार-पाच वर्षे ते तिच्याच अंगावर असते. म्हणून पिल्लू हवे असेल तर आधी आईला मारतात. तिला वाचवायला कळपातले दुसरे धावून आले तर तेही मरतात. आईचे मांस विकले जाते, पिल्लू जिवंत विकले जाते. "आपण एक पिल्लू बघतो," तो म्हणाला, "त्याच्या मागची प्रेतं आपल्याला दिसत नाहीत. दया येऊन पैसे देणारा आणि मौजेसाठी पैसे देणारा, शिकाऱ्याला दोघं सारखेच."

भावजयीने मान खाली घातली.

साखळीपासून झाडापर्यंत

आणलेल्या चिंपांझीला लगेच इतरांत सोडत नाहीत. कोविडने आपल्याला शिकवलेले विलगीकरण इथे पहिल्यापासून आहे. सुमारे तीन महिने त्याला वेगळे ठेवतात, रक्त तपासतात, क्षयाची तपासणी करतात. लहान पिल्लांना या काळात सांभाळणारी माणसे उराशी धरून बसतात, कारण एकटे पडलेले पिल्लू खाणे सोडते. मग हळूहळू दुसऱ्या पिल्लांची ओळख, मग छोटा गट, आणि शेवटी विजेच्या कुंपणातले मोठे जंगल.

सर्वांत अवघड काम म्हणजे चिंपांझीला पुन्हा चिंपांझी करणे. माणसांत वाढलेल्याला झाडावर फांद्या वाकवून रात्रीचे अंथरूण करता येत नाही. गटात कोणापुढे झुकायचे, कोणाचे केस विंचरायचे, हे ठाऊक नसते. ते तो दुसऱ्यांकडून शिकतो. कोणाला महिने लागतात, कोणाला वर्षे.

मी विचारले, "मग मोकळ्या जंगलात का सोडत नाही?" त्याचे उत्तर असे. माणसाची भीती गेलेला चिंपांझी गावात शिरतो. रानातले चिंपांझी परक्या नराला ठार मारतात. शिवाय ज्या रानात शिकार चालू आहे, तिथे सोडणे म्हणजे पुन्हा बंदुकीपुढे उभे करणे. म्हणून आश्रयस्थानात माद्यांना गर्भनिरोधक देतात. इथे जागा कैदेतून येणाऱ्यांसाठी आहे. नवे जीव कुंपणात जन्माला घालणे हा उद्देश नाही.

कुंपणाजवळच्या उंच जागेवरून आम्ही पाहत होतो. एक मोठा नर पाय आपटत आला, केस फुलवले आणि आमच्या दिशेने दगड भिरकावला. नेम चांगला होता. आम्ही सगळे वाकलो. "तो आठवतोय," तरुण म्हणाला. "कोणाला काय आठवतं ते आम्हाला नेहमी कळत नाही."

मग भाच्याने रस्त्यावरच्या त्या पिल्लाबद्दल सांगितले. "ते हसत होतं," तो म्हणाला.

"दात दाखवत होतं का?"

"हो."

"माकडं आणि चिंपांझी असे दात दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा ते घाबरलेले असतात. कपडे घातलेल्या, हसणाऱ्या चिंपांझीचे व्हिडिओ तुम्ही फोनवर पाहता ना? ते हसू नसतं."

माझ्या पोटात खड्डा पडला. मला आमच्या गावचा मदारी आठवला. उरुसाच्या दिवसांत तो यायचा. लाल झगा घातलेली माकडीण, हातात डमरू. "सलाम करो मेमसाब को," म्हटले की ती सलाम करायची आणि दात दाखवायची. आम्ही मुले टाळ्या पिटायचो. अब्बा त्याला ओसरीवर झोपू द्यायचे, अम्मी भाकरी द्यायची. त्या माकडिणीच्या गळ्याला दोरीने पडलेला व्रण मला आज स्पष्ट दिसतो. तेव्हाही तो तिथेच होता. मी हसत होते म्हणून तो मला दिसला नाही.

1998 मध्ये केंद्र सरकारने माकड, अस्वल, वाघ, सिंह अशा प्राण्यांच्या खेळांवर बंदी घातली. ते योग्यच झाले. पुढे मदारी दिसेनासा झाला. माकडीण कुठे गेली, कोणी विचारले नाही. मदाऱ्याच्या घरात चूल कशी पेटते, तेही कोणी विचारले नाही. प्राण्याच्या दोरीचे एक टोक सुटले, तरी दुसरे टोक ज्याच्या हातात होते तो माणूस उपाशीच राहिला असेल. रस्त्यावर उभा असलेला तो मुलगा मला पुन्हा आठवला. तोही अनवाणी होता.

मी हे बोलून दाखवले. तरुण म्हणाला, "म्हणूनच आमचं निम्मं काम कुंपणाबाहेर आहे." जंगलालगतच्या गावांत जाऊन ते लोकांशी बोलतात, शाळांत मुलांना शिकवतात, शेतीला आणि दुसऱ्या उत्पन्नाला हातभार लावतात. इथे काम करणारे बहुतेक आसपासच्या वस्त्यांतले आहेत. पोट भरलेल्या माणसालाच जंगल राखायला सांगता येते.

ज्या दिवशी दारे उघडली

या आश्रयस्थानाने काय काय सोसले, ते ऐकून मी थक्क झाले. 1991 ते 2002 या देशात यादवी युद्ध चालले. बंडखोर या डोंगरापर्यंत आले, लूट झाली. शहरात माणसांनाच खायला मिळेना, अशा दिवसांतही काही जण जीव धोक्यात घालून चिंपांझींना अन्न पोहोचवत राहिले. 2014 मध्ये इबोला आला. पाहुणे बंद, उत्पन्न बंद, तरी रोजची तोंडे तेवढीच.

सर्वांत कठीण दिवस मात्र 2006 च्या एप्रिलमधला. ब्रुनोसह 31 चिंपांझी बाहेर पडले. त्याच वेळी पाहुण्यांची गाडी वर येत होती. हल्ल्यात एका स्थानिक वाहनचालकाचा मृत्यू झाला, इतर जखमी झाले. पुढे बहुतेक चिंपांझी परत आले किंवा आणले गेले. ब्रुनो आला नाही. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

हे सांगताना त्या तरुणाने काही लपवले नाही. ब्रुनो मोकळा झाला म्हणून कौतुकही केले नाही. एका घरचा कमावता माणूस गेला होता. "चिंपांझी वाईट नाहीत," तो म्हणाला. "पण ते बाहुलेही नाहीत. आम्ही रोज दारं तीनदा तपासतो, ती त्या माणसासाठी."

मला वाटते, त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट हीच होती. दया ही मनात येऊन जाणारी गोष्ट आहे. अमानत ही सांभाळण्याची गोष्ट आहे. एकदा जीव हातात घेतला की त्याचे खाणे, त्याचे आजारपण, त्याचा राग आणि त्याच्यापासून दुसऱ्यांचे रक्षण, सगळेच आपल्यावर येते. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा गुन्हा हाच होता की तिने खायलाही दिले नाही आणि तिला स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलेही नाही.

निघताना भाच्याने शेवटचा प्रश्न विचारला, "मग त्या पिल्लाचं आम्ही काय करायचं होतं?"

"पैसे द्यायचे नाहीत. फोटोसाठी थांबायचं नाही. जागा लक्षात ठेवायची आणि कळवायचं. पकडून आणणं हे सरकारचं काम आहे, सांभाळणं आमचं."

भाच्याने भावाच्या फोनवर नकाशा उघडला आणि ते वळण शोधून दाखवले. तरुणाने ते वहीत लिहून घेतले. पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही. पण त्या रात्री भाचा जेवला.

बंद दारावरची पाटी

सिएरा लिओनने 2019 मध्ये चिंपांझीला राष्ट्रीय प्राणी म्हणून जाहीर केले. पश्चिम आफ्रिकेतला हा चिंपांझी आज नष्ट होण्याच्या अगदी कडेवर आहे. या देशाच्या जंगलांत 2010 च्या सुमारास झालेल्या गणनेत साडेपाच हजारांच्या आसपास उरल्याचे दिसले होते. टाकुगामात शंभरावर आहेत, आणि अनाथ पिल्ले येणे थांबलेले नाही.

2025 च्या मे महिन्यात भावाचा फोन आला. आश्रयस्थानाने पाहुण्यांसाठी दारे बंद केली होती. रोगामुळे नव्हे, युद्धामुळे नव्हे. भोवतालच्या राष्ट्रीय उद्यानातली झाडे तोडली जात होती, जमिनी बळकावून घरे उभी राहत होती, कुंपणाच्या अधिकाधिक जवळ येत होती. तिकिटाच्या पैशांवर पाणी सोडून त्यांनी हा निषेध केला. याच डोंगरांतल्या गुमा धरणाचे पाणी फ्रीटाऊनच्या नळांना येते. जंगल गेले तर चिंपांझी जातील, आणि मग शहराचे पाणी जाईल, आणि मग पुन्हा एखाद्या पावसाळ्यात डोंगर खाली येईल. घर बांधणाऱ्या गरिबालाही जागा हवी आहे, हे खरे. पण खचणाऱ्या उतारावर दिलेली जागा हे दान नव्हे, फसवणूक आहे.

फोनवर मागून भाच्याचा आवाज आला. आता तो बारा वर्षांचा होईल. "फुफी, तुमच्याकडे शेजारच्यांचा पोपट अजून पिंजऱ्यातच आहे का?"

आहे. आपल्याकडचा पोपट पाळणे कायद्याने मना आहे, हे किती घरांना ठाऊक आहे? मी शेजारणीशी बोलले. ती आधी रागावली. म्हणाली, "आमच्या पोरासारखा आहे तो." मी तिला ब्रुनोची गोष्ट सांगितली. उगाच दार उघडून सोडून देऊ नको, पिंजऱ्यात वाढलेल्याला कावळे मारतील, वन खात्याला विचार, असेही सांगितले. ती गप्प बसली. परवा तिचा मुलगा आमच्याकडे आला आणि नंबर मागून घेऊन गेला.